लूर्दचा झरा आणि त्याचे बिनमोल पाणी

आपल्या ख्रिस्ती गावांतून जेथे जेथे देऊळ आहे, तेथे तेथे बहुधा आवारात दगडगोट्यांनी रचलेली एक गुंफाही आढळते. वरच्या कोनाड्यात निळा कमरपट्टा बांधलेली पवित्र मरियेची मूर्ती, खाली गुडघे टेकून वर पाहणारी एक गरीब मुलगी, सभोवती वेली व मेणबत्त्या, हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे की त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मूळ गुंफा फ्रान्स देशात लूर्द गावी आहे, हे लहान मुलेही जाणतात. तिची प्रतिमा उभारताना आपल्या गवंड्यांनी मूर्ती, कोनाडा, दगड सर्व काही साधले; परंतु मूळ गुंफेत जी एक वस्तू आहे ती त्यांस साधता आली नाही, कारण ती कोणाही गवंड्याच्या हातची नव्हे. ती वस्तू म्हणजे तेथील झऱ्याचे पाणी.

ते पाणी आपल्यापर्यंत येते ते लहानशा बाटलीतून. कोणी भाग्यवान यात्रेकरू लूर्दहून परतला म्हणजे आप्तेष्टांस थोडथोडे वाटून देतो. मग ती बाटली घरातल्या आल्तारावर वर्षानुवर्षे राहते, आणि घरात दुखणेबाणे आले की तीतले दोन थेंब आजाऱ्याच्या कपाळास लावले जातात. ही श्रद्धा भोळी म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु ज्या पाण्याविषयी आपण इतका आदर बाळगतो, त्याचा इतिहास आपणांस ठाऊक असावा, हे बरे. हे पाणी कोणाचे, ते कोणी घ्यावे, आणि त्याबद्दल काय द्यावे, ह्या प्रश्नांवरून लूर्द गावात एके काळी मोठा झगडा झाला होता. त्या झगड्याचा जो निकाल लागला, त्यात आपणांस शिकण्याजोगे पुष्कळ आहे, असे वाटल्यावरून ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत तो वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहो.

लूर्द हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, गाव्ह नदीच्या काठी वसलेले गाव. १८५८ साली तेथे सुमारे चार हजार लोकांची वस्ती होती. ह्या पर्वताच्या कुशीत औषधी पाण्याचे झरे अनेक आहेत, आणि कोतरे, बारेज, बान्येर ही आसपासची गावे त्या झऱ्यांच्या जोरावर संपन्न झालेली होती. सुखवस्तू रोगी दूरदूरच्या शहरांतून येत, वैद्यांच्या सल्ल्याने मोजून पेलाभर पाणी पीत, कढत पाण्याच्या टाक्यांत बसत, आणि त्याबद्दल मोबदला देत. लूर्द पडले त्यांच्या वाटेवर. प्रवासी येथे थोडे थांबत आणि पुढे निघून जात. शेजाऱ्याच्या अंगणात पैशाचा झरा वाहावा आणि आपल्या अंगणात नुसता खडक असावा, ह्याचे लूर्दच्या पुढाऱ्यांस वैषम्य वाटावे, हे मनुष्यस्वभावास धरूनच होते. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

बर्नादेत सुबिरू ही पाणचक्कीवाल्याची मुलगी. तिचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी बोली नावाच्या पाणचक्कीत झाला. बाप मनाचा मोठा व व्यवहाराचा कच्चा. धंदा बसत गेला आणि १८५४ साली चक्की हातची गेली. पुढच्याच वर्षी लूर्दमध्ये पटकीची साथ आली आणि बर्नादेत तीत सापडली. जीव वाचला, पण प्रकृती कायमची खालावली व दम्याने तिला जन्मभर सोडले नाही. पटकी पाण्यातून पसरते, हे लंडनचे डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी एका सार्वजनिक पंपाच्या उदाहरणावरून १८५४ साली दाखवून दिले होते. तथापि ते मत तेव्हा विद्वानांतही मान्य झाले नव्हते, मग डोंगराच्या पायथ्याच्या खेडवळांस ते कोठून कळणार? १८५७ साली हे कुटुंब गावच्या जुन्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत राहावयास गेले. कैद्यांच्या प्रकृतीस अपायकारक म्हणून सोडून दिलेली ती खोली होती. सारांश, जिच्या हातून झरा प्रकट व्हावयाचा होता, तिचे बालपण पाण्यानेच पोसले आणि पाण्यानेच नासले होते.

११ फेब्रुवारी १८५८ रोजी ती बहीण व एक मैत्रीण ह्यांजसह सर्पण वेचावयास मासाबियेलच्या खडकाकडे गेली. चक्कीचा पाट जेथे गाव्ह नदीस मिळतो तेथेच तो खडक आहे, आणि त्याच्या पोटात एक गुंफा आहे. गावची डुकरे पावसापाण्यात तिच्या आडोशास उभी राहत, असे ते ठिकाण होते. पाट ओलांडण्यासाठी बर्नादेत पायमोजे काढीत असता तिला कोनाड्यात प्रथम दर्शन झाले. तेव्हापासून १६ जुलैपर्यंत एकंदर अठरा दर्शने झाली. ती सर्व येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आपला विषय नवव्या दर्शनापुरता आहे.

तो दिवस २५ फेब्रुवारी, गुरुवार. पहाटेपासून सुमारे तीनशे लोक जमले होते. त्या दिव्य स्त्रीने बर्नादेत हिला झऱ्याचे पाणी पिण्यास व त्याने तोंड धुण्यास सांगितले. तेथे झरा कोठे दिसत नव्हता. म्हणून ती साहजिकच नदीकडे निघाली. परंतु तिला गुंफेच्या आतल्या बाजूस बोट दाखविण्यात आले. तेथे ओलसर चिखल मात्र होता. तिने तो हाताने उकरला. जे पाणी जमले ते इतके गढूळ होते की तीन वेळा तिने ओंजळ टाकून दिली. चौथ्या वेळी कसेबसे पिऊन तिने तेच चेहऱ्यास लावले आणि तेथे उगवलेला थोडा पाला खाल्ला. चिखलाने माखलेले तिचे तोंड पाहून लोकांची निराशा झाली. आदल्या दिवसापर्यंत तिला मान देणारे कित्येक लोक पोरीस वेड लागले असे म्हणत घरी गेले. ख्रिस्तसभेच्या इतिहासात पुष्कळ मोठ्या गोष्टींचा आरंभ असाच लोकांच्या हसण्यात झालेला आहे.

तथापि काही माणसे दुपारी परत आली. त्यांनी काठीने तीच जागा आणखी उकरली, आणि जसजसा चिखल निघाला तसतसे पाणी निवळत गेले. झरा खडकाखाली पूर्वीपासून वाहत असावा व त्यावर माती साचलेली असावी, असे मानण्यास श्रद्धेची काहीच हरकत नाही. देवाने पाणी नव्याने निर्माण केले, असा ख्रिस्तसभेचा आग्रह नाही. ज्या जागेकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, तेथे एका अशिक्षित मुलीचा हात नेमका नेण्यात आला, ह्यातच भाविकांस देवाची करणी दिसते.

ह्यानंतर जे घडले ते कोणाच्या आज्ञेने घडले नाही. लोक घरून बाटल्या, मडकी, तांबे घेऊन येऊ लागले. खाणीत काम करणाऱ्या मजुरांनी आपला दिवसाचा रोज आटोपून, मजुरी न घेता, खडकावरून उतरण्याची वाट नीट केली. कारागिरांनी पाणी साचण्यास लहानसे कुंड करून दिले, म्हणजे भांडे भरणे सोपे व्हावे. तेथे पहारेकरी नव्हता, वाटप करणारा नव्हता, पावती फाडणारा तर नव्हताच. येणाऱ्याने आपल्या हाताने भरावे आणि दुसऱ्यास जागा करून द्यावी, एवढाच नियम, आणि तोही अलिखित. १ मार्च रोजी कातरिन लातापी नावाची एक गरोदर शेतकरीण जवळच्या खेड्यातून आली. झाडावरून पडल्याने तिच्या हाताची बोटे आखडून निकामी झाली होती. तिने हात त्या पाण्यात बुडविला आणि बोटे मोकळी झाली. लुई बुरियेत नावाच्या पाथरवटाचा डोळा खाणीतल्या स्फोटाने दुखावला होता. त्यालाही ह्या पाण्याने गुण आला. पुढे १८६२ साली महागुरूंनी ज्या सात घटना मान्य केल्या, त्यांत ह्या दोन्हींची गणना आहे.

गुण आल्याची वार्ता पसरताच पाण्याचे मोल करण्याचा विचार सुरू व्हावा, हे अपेक्षितच होते. लूर्दचे नगराध्यक्ष आन्सेल्म लाकादे हे दुष्ट गृहस्थ नव्हते. गावाचे भले व्हावे अशीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या मनाने घेतले की, मासाबियेलचे पाणी खनिज व औषधी ठरले तर कोतरे व बान्येर ह्यांच्या पंक्तीस लूर्द जाऊन बसेल. स्नानगृहे उभी राहतील, बंगले निघतील, गावच्या तिजोरीत भर पडेल. मे महिन्यात लातूर नावाच्या एका रसायनज्ञाने पहिली परीक्षा केली, व पाण्यात औषधी गुण असण्याचा संभव आहे असा अभिप्राय दिला. त्याने ही आशा अधिकच बळावली. दुसऱ्या बाजूने जिल्ह्याचे अधिकारी बॅरन मासी ह्यांस ही रोजची गर्दी मुळीच आवडत नव्हती, आणि पोलीस कमिशनर जाकोमे ह्यांनी त्या मुलीची झडती आधीच घेतलेली होती. अशा रीतीने लोभ व भय हे दोन निरनिराळे वाटसरू एकाच दारात येऊन उभे राहिले.

८ जून १८५८ रोजी नगराध्यक्षांचा हुकूम निघाला. त्याचे पहिलेच कलम असे होते की, त्या झऱ्याचे पाणी घेण्यास मनाई आहे. कारण देण्यात आले होते ते असे: ह्या पाण्यात खनिज द्रव्ये असावीत असे मानण्यास जागा आहे, तेव्हा शास्त्रीय परीक्षा होईपर्यंत त्याचा उपयोग करू देणे शहाणपणाचे नव्हे, शिवाय कायद्याप्रमाणे खनिज पाण्याचा झरा चालविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते. १५ जून रोजी गुंफेपुढे फळ्यांचे कुंपण उभे राहिले. लोकांनी ते रात्रीच्या रात्री मोडून टाकले. सरकारने पुन्हा उभारले, लोकांनी पुन्हा मोडले; त्या उन्हाळ्यात हा प्रकार एकाहून अधिक वेळा झाला. कुंपण ओलांडणाऱ्यांची नावे टिपून घेण्यात आली, त्यांजवर खटले झाले, दंड बसले. गरीब बायाबापड्यांनी, ज्यांच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत, त्यांनी पाण्याच्या तांब्यापायी न्यायाधीशासमोर उभे राहणे पत्करले. १६ जुलै रोजी बर्नादेत हिला अखेरचे दर्शन झाले, ते तिने नदीच्या पलीकडील काठावरून पाहिले. कारण अलीकडे तिच्यासही मज्जाव होता.

येथे निःपक्षपातीपणाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पाण्याची परीक्षा करावी, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. जेथे डुकरे उभी राहत तेथील पाणी हजारो लोक पिऊ लागले, आणि तीनच वर्षांपूर्वी त्याच गावात पटकीने माणसे मेली होती. अशा वेळी परीक्षेचा आग्रह धरणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच होय. भाविकपणा म्हणजे बेफिकिरी नव्हे. परंतु परीक्षेसाठी थांबणे वेगळे आणि पाण्याचे पुढे काय उत्पन्न येईल ह्या हिशेबाने लोकांस दूर ठेवणे वेगळे. त्या हुकुमात ह्या दोन गोष्टींची गाठ मारली गेली होती. लोकांस शास्त्र कळत नसेल, पण ती गाठ बरोबर कळली.

पुढे तूलूझ येथील प्राध्यापक फिलोल ह्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाकडे पाणी धाडण्यात आले. ७ ऑगस्ट १८५८ रोजी त्यांचा निर्णय आला. त्याचे तात्पर्य असे की, चुनखडीच्या जमिनीतून येणारे डोंगरी पाणी जसे असते तसेच हे साधे पिण्याचे पाणी आहे. ते पिण्यास कोणतीही हरकत नाही. परंतु विशेष औषधी गुण यावा असे कोणतेही द्रव्य त्यात नाही. नगराध्यक्षांची स्नानगृहे, बंगले व तिजोरी त्या एका कागदाने वाहून गेली. ५ ऑक्टोबर रोजी, तिसरा नेपोलियन बादशहा ह्यांच्या आज्ञेने, कुंपण काढून टाकण्यात आले, आणि लोक पुन्हा आपापली भांडी घेऊन खाली उतरले.

त्या काळी अनेकांस वाटले की फिलोल ह्यांच्या निर्णयाने श्रद्धेचा पराभव झाला. आज मागे वळून पाहता आम्हांस तर असे दिसते की श्रद्धेवर ह्याहून मोठा उपकार कोणी केला नसेल. पाण्यात गंधक, लोह अथवा दुसरे एखादे तीव्र द्रव्य सापडले असते, तर लूर्द आणखी एक औषधी पाण्याचे ठाणे झाले असते. धनवान आत गेले असते आणि गरीब फाटकाशी उभे राहिले असते. आणि जो कोणी बरा झाला असता त्याच्याविषयी लोक म्हणाले असते की हा गंधकाचा गुण. पाणी साधे ठरले म्हणूनच ते विक्रीच्या उपयोगाचे राहिले नाही, आणि विक्रीच्या उपयोगाचे राहिले नाही म्हणूनच ते सर्वांचे राहिले. ज्या गोष्टीस बाजारात किंमत नाही, तिच्यावर मालकी सांगण्यास कोणी पुढे येत नाही. देवाने आपली खूण ठेवण्यास साधे पाणी निवडले, ह्यात बाप्तिस्म्याचे कुंड ज्यांस ठाऊक आहे त्यांस नवल वाटावयास नको.

आता हे पाणी ख्रिस्तसभेच्या हाती आल्यावर तिने त्याचे काय केले, हे पाहणे न्याय्य होईल. तार्बचे महागुरुस्वामी लॉरांस ह्यांनी चौकशीसाठी मंडळ नेमले; १८६१ साली गुंफेची जागा नगरपालिकेकडून विकत घेतली; आणि १८ जानेवारी १८६२ रोजी दर्शने खरी असल्याचे जाहीर केले. १८६६ साली आगगाडी लूर्दला आली, आणि जेथे तालुक्यातली माणसे येत होती तेथे देशोदेशींचे यात्रेकरू लोटले. एका कुंडाशी इतक्यांनी भांडी भरणे अशक्य झाले. तेव्हा झऱ्याचे पाणी नळांनी बाहेर आणण्यात आले, ते टाक्यांत साठविण्याची सोय झाली, म्हणजे ऐन यात्रेच्या दिवसांत तुटवडा पडू नये. आणि गुंफेच्या बाजूस तोट्यांची एक रांग बसविण्यात आली. मूळ झरा गुंफेच्या आत डाव्या हाताला काचेखाली वाहताना आजही दिसतो. भरावयाचे ते तोट्यांवर. आजारी लोकांसाठी स्नानाची कुंडेही झाली. त्यांतील पाणी सुमारे १२ अंशांचे, म्हणजे हाडे गोठविणारे असते.

ह्या तोट्यांवर कोणत्याही प्रकारचे शुल्क नाही. यात्रेकरूने तोटी दाबावी, प्यावे, तोंड धुवावे, हवे तेवढे भरून न्यावे. तू कोणत्या धर्माचा, कोणत्या देशाचा, पापी की पुण्यवान, असे कोणी विचारीत नाही. दूरदेशी ज्यांस पाणी हवे असेल त्यांस ते पाठविण्यात येते, परंतु तेथेही घेतला जातो तो वेष्टनाचा व टपालाचा खर्च, पाण्याचा नव्हे. गावातील दुकानांत बाटल्या, डबे, मातेच्या आकाराच्या कुप्या टांगलेल्या असतात व त्यांचे दर लिहिलेले असतात. रिकाम्या बाटलीस दर आहे; तीत जे भरावयाचे त्यास दर नाही.

ह्या दुकानांविषयी टीका पुष्कळ झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. एमिल झोला हे कादंबरीकार १८९२ साली लूर्दला गेले आणि १८९४ साली त्यांनी त्या गावाच्या नावाचीच कादंबरी प्रसिद्ध केली. तीत ह्या बाजारावर कडक ताशेरे आहेत. झोला ह्यांस श्रद्धा नव्हती, पण डोळे होते. जेथे लाखो लोक जमतात तेथे पथाऱ्या मांडल्या जाणारच, हे आपल्या जत्रांवरूनही आपणांस ठाऊक आहे. बाजार गुंफेच्या दारापर्यंत आला, परंतु तोटीपर्यंत पोहोचू दिला गेला नाही, ही गोष्ट टीकाकारांनीही विसरू नये.

ख्रिस्तसभेस दुसराही एक धोका सांभाळावा लागला, तो स्वतः भाविकांच्याच बाजूने येणारा. पाणी विकले जात नाही, पण ते तोडग्यासारखे वापरले जाण्याचे भय असतेच. ह्याविषयी स्वतः बर्नादेत हिचे मत स्पष्ट होते: लोक पाणी औषधासारखे घेतात, परंतु श्रद्धा व प्रार्थना पाहिजे, श्रद्धेवाचून ह्या पाण्यात काही सामर्थ्य नाही, असे ती सांगे. १८८३ साली लूर्द येथे डॉक्टरांचे कायमचे कार्यालय स्थापन झाले. बरे झाल्याचे सांगणाऱ्या प्रत्येकाची तेथे कसून तपासणी होते, आणि संशयास यत्किंचितही जागा असेल तर ते प्रकरण पुढे जात नाही. १८५८ पासून असंख्य लोकांनी पाणी नेले, परंतु चमत्कार म्हणून अधिकृतरीत्या मान्य झालेली सत्तरावी घटना जाहीर होण्यास २०१८ साल उजाडले. एवढी सावधगिरी कोणी दुकानदार आपल्या मालाविषयी बाळगील काय?

बेल्जममधील पियेर दे रुद्दर ह्या मजुराची हकीकत तर ह्या बाबतीत फारच बोधप्रद आहे. झाड पडून त्याचा पाय मोडला होता आणि आठ वर्षे हाड सांधले नव्हते. त्याला लूर्दला जाणे शक्य नव्हते. ७ एप्रिल १८७५ रोजी तो आपल्याच देशात, ओस्ताकर येथे बांधलेल्या लूर्दच्या एका नकलेच्या गुंफेपुढे प्रार्थना करीत असता बरा झाला, आणि १९०८ साली ती घटना चमत्कार म्हणून मान्य झाली. ती गुंफाही आपल्या देवळाच्या आवारातील गुंफेसारखीच, माणसांनी उभारलेली. देवाची कृपा लूर्दच्या नळात कोंडलेली नाही, हे ह्याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

आणि बर्नादेत? जिने झरा उकरला तिला तो झरा बरे करू शकला नाही. १८६६ च्या जुलैमध्ये ती नेव्हेर येथील मठात गेली ती लूर्दला पुन्हा कधीच परतली नाही. तेथे तिने आजाऱ्यांची सेवा केली आणि शेवटी स्वतः आजाऱ्यांच्या खाटेवर पडली. दमा होताच, त्यात गुडघ्याच्या हाडास क्षय जडला. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती देवाघरी गेली. ८ डिसेंबर १९३३ रोजी तिला संतपद देण्यात आले. दुसऱ्यांसाठी विहीर खणणाऱ्याने स्वतः तहानेले राहावे आणि त्याबद्दल तक्रारीचा शब्द काढू नये, ह्यापरते संतपण ते काय?

ह्या इतिहासात आणखी एक वळण आहे. फ्रान्समध्ये १९०५ साली राज्य व ख्रिस्तसभा ह्यांच्या विभक्ततेचा कायदा झाला, आणि १९१० साली लूर्दच्या क्षेत्राची मालमत्ता नगरपालिकेकडे गेली. ज्या नगरपालिकेने बावन्न वर्षांपूर्वी कुंपण घातले होते, तीच आता झऱ्याची मालक झाली! परंतु एवढ्या अवधीत लोकांच्या मनात ह्या पाण्याविषयी जी रीत रुजली होती, ती मालकीच्या कागदाहून बळकट ठरली. यात्रा चालू राहिल्या, भांडी भरत राहिली. १९४१ साली ती मालमत्ता ख्रिस्तसभेकडे परत आली. २०१२ च्या ऑक्टोबरात व पुन्हा २०१३ च्या जूनमध्ये गाव्ह नदीला महापूर आला आणि गुंफेत पाणी शिरले. लोकांनी चिखल उपसून क्षेत्र पुन्हा उभे केले. २०२० साली करोनाच्या साथीमुळे १७ मार्च रोजी क्षेत्राची दारे बंद करावी लागली, ती मे महिन्याच्या मध्यावर पुन्हा उघडू लागली. त्या साथीच्या काळात कुंडातील स्नान थांबले, आणि त्याऐवजी ओंजळीत पाणी घेऊन हात व तोंड धुवावे आणि घोटभर प्यावे, अशी साधी रीत पडली. विचार करून पाहता २५ फेब्रुवारी १८५८ रोजी त्या मुलीने केले ते नेमके एवढेच होते.

वाचकहो, ह्या सर्व वृत्तांतातून आपण काय घ्यावे? आम्हांस तरी एकच गोष्ट ठळकपणे दिसते. लूर्दचे पाणी पवित्र मानले गेले, ह्याचे एक कारण हेही आहे की ते विकले गेले नाही. ज्या दिवशी त्या तोटीवर पैशाची पेटी बसती, त्या दिवशी ते पाणी तेच राहते, पण त्याची खूण पुसली जाती. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतही एके काळी विहिरीचे व बावखलाचे पाणी मागणाऱ्यास नाकारणे हे पाप समजले जाई. उन्हातून आलेल्या वाटसरूस आधी गूळपाणी आणि मग नावगाव विचारणे, हा आपल्या वाडवडिलांचा शिरस्ता. आता तहान लागली की आपण दुकानाकडे पाहतो आणि बंद बाटली विकत घेतो. आणि कित्येक वाड्यांतून विहिरी बुजल्या वा मचूळ झाल्या, ह्याची आपणांस खंतही वाटेनाशी झाली आहे. शोमरोनी स्त्रीपाशी आपल्या प्रभूने विहिरीच्या काठी पाणी मागितले, तेव्हा तिच्या हातात घडा होता. तोच प्रभू आज आपल्या रस्त्याने तहानेला गेला, तर त्याने पाणी कोणापाशी मागावे?

म्हणून एक सूचना नम्रपणे करावीशी वाटते. ज्युबिलीच्या निमित्ताने देवळास रंग लागेल, दिव्यांची आरास होईल, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबरच देवळाच्या आवारात, रस्त्याच्या बाजूस, स्वच्छ पाण्याच्या दोन तोट्या बसविण्यात याव्यात. पाण्याची परीक्षा वेळोवेळी व्हावी, कारण फिलोल ह्यांचा धडाही आपण विसरता कामा नये. टाकी धुण्याची पाळी कुटुंबाकुटुंबांनी वाटून घ्यावी. तेथे दात्याच्या नावाची पाटी नसावी, पेटी नसावी, आणि येणाऱ्याचा धर्म कोणी विचारू नये. मग तो शाळेचा मुलगा असो, भाजीवाली असो की रिक्षावाला असो, त्याने आपल्या हाताने प्यावे, आपली बाटली भरावी आणि आपल्या वाटेने जावे. आपल्या देशात ह्यास पाणपोई म्हणतात. उद्या कोणी विचारील की ह्या धर्मग्रामाने ज्युबिली कशी साजरी केली, तर त्याला उत्तर देण्याची गरज पडू नये. त्याला तहान लागलेली असावी आणि तोटी समोर असावी.